रविवारची चार पाकिटं

शनिवारी दुपारी चार वाजता कारखान्यात कतरणीची पोती तोलली जात, आणि त्या वेळी मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा असे.

तयार कपड्यांचा तो कारखाना तिसऱ्या मजल्यावर होता. कापायची टेबलं चार, कापणारे चार. साठ-साठ पदर कापड एकावर एक अंथरायचं, वरच्या पदरावर खडूने सगळे तुकडे आखायचे आणि मग एकदाच मशीन फिरवायचं. पाठ, पुढा, बाही, कॉलर, खिसा, सगळं एकमेकांच्या कुशीत असं बसवायचं की मध्ये बोटभर जागा फुकट जाऊ नये. जी जाते तिची कतरण होते, कतरण पोत्यात जाते, आणि पोतं शनिवारी काट्यावर चढतं. मालकाला माणूस ओळखायची दुसरी रीत ठाऊक नव्हती. "कोण किती राबतो ते मला सांगू नका, कुणाचं पोतं किती भरलं ते सांगा," असं तो म्हणे. चौघांत मास्तरांचं पोतं गेली नऊ वर्षं सगळ्यात हलकं. मास्तर तसे चौघेही, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की तेच.

त्या शनिवारी ते आणखी हलकं भरलं. मास्तर घरी आले ते तरंगतच. दारातच लेकीने त्यांच्या हातात कचऱ्याची पिशवी दिली.

"बाबा, तू उभाच आहेस तर ही खाली टाकून ये."

जिन्याच्या पहिल्या वळणावर पिशवीने जीव सोडला, आणि घराचा अख्खा आठवडा गडगडत खालपर्यंत गेला. मास्तर गोळा करायला वाकले. बाहेरून मागवलेल्या जेवणाचे सात डबे, चिकटवलेल्या बिलांसकट. काळा पडलेला अर्धा कोबी. पिशवीतून बाहेरही न निघालेली पालेभाजी, आता भाजी कमी आणि पाणी जास्त. बुरशी आलेला अर्धा पाव. दुसरा कुणी असता तर नाक दाबून मोकळा झाला असता. पण कतरण दिसली की तिचा हिशेब केल्याशिवाय मास्तरांना चैन पडत नसे. खिशात खडू होताच. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी बिलांचे आकडे एकाखाली एक मांडले. त्यात न खाता फेकलेल्याची किंमत घातली. मग आपलं रोजचं खानावळीतलं जेवण, बायकोचं तिच्या कॅन्टीनमधलं, लेकीचं कॉलेजबाहेरचं अरबट-चरबट. खाली रेघ मारली, बेरीज केली आणि बेरजेकडे बघत बसले.

हा आकडा त्यांनी आधी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते आठवलं तेव्हा त्यांना ती पायरी गार लागायला लागली. बायकोच्या रविवारच्या पगाराच्या पाकिटावर हाच आकडा असायचा. फरक एका बसच्या तिकिटाचा. आणि ते तिकीट काढून ती रविवारी कामावर जात होती.

बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी दाबायच्या मशीनवर होती. आठवड्याचे सहा दिवस सगळ्यांसारखे, सातवा हौसेने घेतलेला नव्हे. तीन वर्षांपूर्वी या खोल्यांची अनामत भरायला मेहुण्याकडून पैसे घ्यावे लागले, तेव्हा तिने रविवारच्या पाळीत नाव घातलं. 'चार-सहा महिने,' म्हणाली होती. देणं चौदा महिन्यांत फिटलं. रविवार तसाच राहिला. तात्पुरत्या गोष्टीला घरात बसायला पाट दिला की ती पुढे घरमालकीण होते. आता तिचं उजवं मनगट सुजायचं. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्यातला एक दिवस तरी या हाताला काम देऊ नका. ती घरी येऊन हसली होती आणि त्याच हाताने तिने भांडी घासली होती.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ती कामावरून आल्यावर, सगळा हिशेब तिच्यापुढे ठेवला. तिने तो नीट ऐकला.

"म्हणजे मी रविवारी जाते ती आपण बाहेरचं खावं म्हणून?"

"आणि आपण बाहेरचं खातो ते तू दमून येतेस म्हणून," मास्तर म्हणाले.

"छान," लेक म्हणाली. "म्हणजे आपण तिघं गोल-गोल फिरतोय आणि तिकीट आई काढतेय."

मास्तरांना वाटलं होतं की बायको उद्याच नाव काढते म्हणेल. पण तिने संसार बावीस वर्षं केला होता, आणि तोही यांच्याबरोबर.

"आकडे मला नका दाखवू. आकड्यांनी पोट भरत असतं तर सगळे हिशेबनीस जाडजूड असते. पाळीची नवी यादी सहा आठवड्यांनी लागते. एकदा माझं नाव निघालं की मागे रांग लावून उभ्या असलेल्या बायका ती जागा दुपारपर्यंत घेतील. परत मिळायची नाही. मग महिना संपताना पैसे कमी पडले तर कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"मग?"

"मग असं. रविवारचं पाकीट मी त्या वरच्या डब्यात ठेवते, बंद. तुम्ही घर बाकीच्या पगारात चालवून दाखवा. ओळीने चार पाकिटं न फोडता राहिली तर मी नाव काढते. मध्ये एक फुटलं की पुन्हा पहिल्यापासून. रविवार सहाच आहेत, मास्तर."

ती त्यांना 'मास्तर' फक्त दोन वेळा म्हणायची: भांडताना, आणि मनातून त्यांचं कौतुक वाटत असताना. या वेळचं कुठलं ते त्यांना कळलं नाही.

*

आखणी हा तर मास्तरांच्या हातचा मळ. त्यांनी कारखान्यातून तपकिरी कागदाचा तुकडा आणला, भिंतीवर लावला आणि पूर्ण महिना आखला. तीस चौकोन, प्रत्येकात तीन जेवणं. मग खरेदी. कापड थानाने घेतलं की स्वस्त पडतं हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. ठोक बाजारातून त्यांनी बारा कोबी आणले, एक खोका टोमॅटो, पालेभाजीच्या वीस जुड्या, बटाट्यांचं पोतं. किलोमागे किती वाचले ते जिना चढता-चढता लेकीला दोनदा ऐकवलं.

एक साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही, कारण आयुष्यभर तिची गरजच पडली नव्हती. कापड थांबतं. थान आणून कोपऱ्यात टाका, चार महिन्यांनी उलगडा, जसं होतं तसंच निघतं, फार तर धूळ झटकावी लागते. टोमॅटोला तेवढा धीर नसतो.

मंगळवारी पालेभाजी पिवळी पडली. गुरुवारी खोक्यातून लाल ओघळ निघून खालच्या फरशीवर आला. कोबी टिकाऊ खरा, पण तोच दोन्ही वेळा ताटात यायला लागला. पहिल्या दिवशी कापून, दुसऱ्या दिवशी किसून, तिसऱ्या दिवशी उकडून. कसाही आला तरी ओळखू यायचा.

"बाबा, माझ्या केसांना कोबीचा वास येतोय," लेक म्हणाली. "बसमध्ये एक बाई माझ्याजवळून उठून गेली."

"तिला उतरायचं असेल."

"ती पुढे जाऊन उभी राहिली, बाबा."

रविवारी बायको कामावरून आली, हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं, कोबीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. मास्तरांनी स्वतःच फोन उचलून जेवण मागवलं. पहिलं पाकीट वरच्या डब्यापर्यंत पोचलंच नाही, टेबलावरच फुटलं.

राहिले पाच.

*

दुपारच्या जेवणाची आणखी एक भानगड होती. कारखान्यासमोरच्या गल्लीत मावशींची खानावळ. मास्तर तिथे अकरा वर्षं जेवत होते, त्याच बाकावर, भिंतीकडे पाठ करून. आता डबा आणायचा म्हणजे मावशींचं रोजचं एक ताट मोडायचं. ते तोंडावर कसं सांगणार? म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पथ्य दिल्याचं. तिसऱ्या दिवसापासून ते गल्लीच्या मागच्या बाजूने येऊ-जाऊ लागले आणि जेवायला थानांच्या ढिगामागे बसू लागले, चोरासारखे.

दुसऱ्या सोमवारी मावशी मालकाकडे चहाचे पैसे मागायला वर आल्या. तीन मजले चढून आलेल्या बाईला बसायला जागा लागते; त्या थानांकडे वळल्या आणि मागे मास्तर दिसले. मांडीवर डबा, डब्यात कोबी.

"हे पथ्य का रे?"

मास्तरांनी डबा घाईघाईने झाकायला घेतला.

"सबंध आठवडा मी काळजी करतेय," मावशी पोत्यावर बसत म्हणाल्या. "म्हटलं, अकरा वर्षांत याचं पोट कधी बिघडलं नाही आणि आता बिघडलं तर लोक म्हणतील मावशीच्या जेवणानं बिघडलं. खरं काय ते सांग. दुसरी खानावळ धरलीस?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. जिन्यावरची बेरीज, बायकोचं मनगट, चार पाकिटं, बारा कोबी. शेवटी मावशींनी डब्यातला चिमूटभर कोबी उचलून तोंडात टाकला आणि लगेच त्याचा पश्चात्ताप केला.

"मीठ विसरलास. आणि तू माझ्यापासून लपून खात होतास ते का?"

"तुमचं एक गिऱ्हाईक जातंय. वाईट वाटलं."

"अकरा वर्षं मी ताटाचे पैसे घेतले, उपकार नाही केले. हिशेब दर दिवशी फिटलेला आहे आपला. दोन वाजता खाली ये."

दोन वाजता गर्दी ओसरल्यावर मास्तर खाली गेले. खानावळीच्या मागच्या स्वयंपाकघरात ते अकरा वर्षांत कधी शिरले नव्हते. मावशींनी त्यांना काही शिकवायच्या आधीच त्यांची नजर सवयीने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीवर गेली. बेचाळीस माणसं जेवून गेली होती. बादलीत कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं, एवढंच. तळ दिसत होता. मास्तर बादलीपाशी जरा वेळ उभेच राहिले. आपल्यापेक्षा हलकं पोतं ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

"तू कशापासून सुरुवात करतोस?" मावशींनी विचारलं.

"काय खायचं ते ठरवतो. मग आणतो."

"मी आधी बघते काय मरायला टेकलंय. जे उद्यापर्यंत तग धरणार नाही ते आज. गाजर, बटाटा, कांदा, भोपळा ही आपली सहनशील माणसं, ती आठवड्याच्या शेवटी. पालेभाजी म्हणजे नवी सून, पहिल्या दिवशीच तिच्याकडे लक्ष द्यायचं. आणि महिन्याचं काय आणतोस? मी बेचाळीस माणसांचं आणते तरी आठवड्यातून दोनदा आणते."

"स्वस्त पडतं म्हणून."

"फेकलेलं कधी स्वस्त पडत नाही. दुसरं, रोज नव्यानं चूल पेटवायची नाही. आज डाळ शिजवलीस ना, दुप्पट शिजव. अर्धी आज भाताबरोबर, अर्धी उद्या भाज्या घालून सूप. बटाटे उकडलेस की उद्याचेही उकड. दमून आलेल्या माणसाला 'आता काय करायचं' हा प्रश्न विचारला की तो फोनच उचलणार. तो प्रश्न आदल्या दिवशीच मारून टाकायचा." त्यांनी डाळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "आणि मला सांग, कापताना कडेला शिलाईसाठी माया सोडतोस की नाही?"

"सोडतो. अर्धं बोट."

"मग आठवड्याला का नाही सोडलीस? तुझे सगळे चौकोन भरलेले. कुणी आलं, कुणी उशिरा आलं, भात करपला, तर काय करणार? एक संध्याकाळ कोरी ठेव. त्या दिवशी उरलंसुरलं, नाहीतर पाव-अंडी."

मास्तर हे सगळं खडूने तळहातावर लिहीत होते. ते बघून मावशींना हसू फुटलं.

"आणि एक दिवस माझ्याकडे जेवायचं. गुरुवारी. तेही कागदावर लिही, म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं नाही."

"मावशी, सहा ताटांचं एक झालं. तुमचं नुकसानच ते."

"सहा दिवस येणारा एक दिवस कंटाळून दुसरीकडे जातो. एक दिवस येणारा वीस वर्षं येतो. मलाही हिशेब येतो, मास्तर."

मास्तर निघताना बाक पुसून गेले, जे त्यांचं काम नव्हतं.

*

भिंतीवरचा महिन्याचा कागद उतरला आणि आठवड्याचा चढला. मास्तरांनी आधी लवकर मरणाऱ्या वस्तू बसवल्या, मग सहनशील मंडळी, आणि बुधवारची संध्याकाळ खडूने चौकट काढून कोरी सोडली. बायको रविवारी कामावर असताना बाप-लेक पुढच्या तीन दिवसांची तयारी करून ठेवू लागले. लेक कांदा कापता-कापता बापाच्या चुका काढायची. कांद्यापेक्षा चुका जास्त निघायच्या. एकसारखे तीन डबे घेतले होते, तीन एकदम घेतले की दुकानदार कमी करतो म्हणून. सकाळी मास्तर ते भरून ओट्यावर ओळीने ठेवायचे, प्रत्येकात भात, भाजी, एक अंडं, अगदी मापात. बायको साडेसहाला पहिला उचलायची, लेक सातला, मास्तर आठला.

दुसरं पाकीट बंद राहिलं. मग तिसरं. एका बुधवारी कारखान्यात तातडीचं काम निघालं, लाँड्रीतलं एक मशीन बंद पडलं आणि लेकीची परीक्षा दुसऱ्या दिवशी. तिघंही ओट्यासमोर उभी होती. लेकीचा हात फोनकडे गेला. तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या कोऱ्या चौकटीवर पडली. "आज काहीच करायचं नाहीये," ती म्हणाली, जणू सुट्टी जाहीर झाली. पाव भाजले, अंडी फोडली, तिघंही उभ्या-उभ्याच जेवली आणि मास्तरांनी मनातल्या मनात मावशींना हात जोडले.

चौथं पाकीटही डब्यात गेलं. ओळीने तीन झाली. मास्तर आता कारखान्यात शिट्टी वाजवू लागले होते, आणि ती ऐकून बाकीचे तीन मास्तर कंटाळू लागले होते.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी त्यांनी डबा उघडला. आत मूठभर भात होता, कडेला तीन-चार फोडी भाजी. अंडं नव्हतं.

आधी त्यांना वाटलं लेकीने गंमत केली. मग झाकणाच्या आतल्या बाजूला लागलेला लाँड्रीचा शिक्का दिसला. तिथे प्रत्येकीच्या डब्यावर नंबर मारतात. सकाळी घाईत डबे बदलले होते. म्हणजे हा तिचा डबा. मास्तरांनी तो स्वतः भरला होता, बाकीच्या दोघांइतकाच, अंड्यासकट. आणि मग त्यांच्या हळूहळू लक्षात आलं की आपला डबा रोज दुपारी आपण भरल्यापेक्षा जास्त भरलेला का निघतो. मापात चूक होतेय, असं समजून त्यांनी त्याचा आनंदच मानला होता.

त्यांनी तो भात खाल्ला. चार घास झाले. मग उरलेला वेळ ते टेबलाशी उभे राहिले, हातात खडू घेऊन, काही न आखता.

संध्याकाळी ती आली तीच हसत.

"आज तुमचा डबा माझ्याकडे आला. सगळा संपवला. इतकं पोट भरलं की मशीनवर डोळे मिटायला लागले."

"कधीपासून चाललंय हे?"

ती चपला काढत होती. दुसरी चप्पल काढायला तिला बराच वेळ लागला.

"दुसऱ्या आठवड्यापासून. भाजी पुरत नव्हती."

"कागदावर पुरत होती."

"कागदावर पुरत होती," ती म्हणाली. "लेक सोळा वर्षांची आहे हो. ती एकाचं नाही जेवत, दीड माणसाचं जेवते. तुम्ही तिन्ही वाटे सारखे केलेत. आणि तुम्ही आठ तास उभे असता."

"आणि तू बसलेली असतेस? मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्ही पाकीट फोडलं असतं. मला ठाऊक आहे तुमची धाव." ती खुर्चीत बसली. "मला तो रविवार हवा होता. खूप हवा होता. तुम्हाला वाटलं मी परीक्षा घेतेय."

मास्तरांनी वरचा डबा काढला आणि तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली.

"ही खरी नाहीत."

"आत पैसे आहेत ना? मग खोटी कशी?"

"पोतं हलकं भरावं म्हणून कुणी बाहीच आखूड कापली तर मालक त्याला काय म्हणेल? हे मी वाचवलेलं नाही. हे तुझ्या ताटातलं आहे."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिने स्वतःच्या पोटाकडे असं पाहिलं की जणू ते शेजाऱ्याचं आहे. नंतर ती आईच्या पाठीमागे जाऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

शेवटी ठरलं ते असं: दोन आठवडे उरलेत. डबा मास्तर भरणार, झाकण मास्तर लावणार आणि साडेसहाला तो तिच्या पिशवीत घालून जिन्यापर्यंत सोडायला जाणार. लेकीच्या डब्यात दीड माणसाचं. एवढं करूनही दोन्ही पाकिटं बंद राहिली तर ती नाव काढेल. नाहीतर पाळी चालू राहील आणि पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही.

आता लेकीचा अर्धा वाटा आणि एक भरलेला डबा वाढला म्हणजे खर्च वाढला. मास्तरांनी रात्रीच्या जेवणाआधीच तो काढून पाहिला. पैसे कमी पडत होते ते बरोबर गुरुवारच्या ताटाएवढे, वर थोडे.

*

गुरुवारी ते मावशींना नाही म्हणायला गेले. या वेळी पुढच्या दाराने, पोटाची सबब न सांगता.

मावशी कांदे निवडत होत्या. ऐकता-ऐकता त्यांचा हात थांबला.

"अर्धा डबा खाऊन दिवसभर चादरी दाबत होती?"

"हो."

"बाईमाणूस हिशेब जुळवायला बसली की पहिल्यांदा स्वतःला खोडते. मी पण केलंय ते. खानावळ काढली तेव्हा वर्षभर." त्या पुन्हा कांद्यांकडे वळल्या. "भाजी कुठून आणतोस?"

"घराखालच्या दुकानातून. आठवड्यातून दोनदा, तुम्ही सांगितलं तसं."

"दोनदा आणायला सांगितलं, त्याच्याकडून आणायला नाही सांगितलं. मी सोमवारी आणि गुरुवारी पहाटे ठोक बाजारात जाते. बेचाळीस माणसांच्या भाजीत तीन माणसांची कुणाला दिसते? माझ्या भावाने घे. जवळजवळ तिसरा हिस्सा वाचेल."

मास्तर आकडा मनात फिरवू लागले. पुरत होतं. गुरुवारचं ताट धरूनही पुरत होतं.

"पण तुम्ही माझ्यासाठी..."

"फुकट नाही. हातगाडीवरून पोती आत घ्यायला मला गडी लागतो, त्याला पैसे द्यावे लागतात, आणि तो बटाटे आपटतो. तू सोमवारी-गुरुवारी अर्धा तास आधी ये. पोती आत टाक, तुझी भाजी घे, वर जा."

"मावशी, तुमचे कसे..."

"मास्तर, तोंड मिटा आणि ते कांद्यांचं पोतं उचला."

मास्तरांनी उचललं. बावीस वर्षं थानं उचललेला माणूस. पोतं त्यांना जड नव्हतं. तरी ते कोपऱ्यात टेकवताना त्यांनी ते तान्ह्या मुलाला निजवावं तसं टेकवलं. एकही कांदा हलला नाही.

पुढचे दोन आठवडे बायकोचा डबा भरलेला गेला आणि रिकामा परत आला. पहिले दोन दिवस तिला दुपारी इतकी झोप यायची की लाँड्रीतल्या बायका विचारायला लागल्या, घरी बरं आहे ना. पाचव्या रविवारचं पाकीट बंद. सहाव्याचं बंद. मागितली होती चार, झाली पाच. वरचं एक तिच्या न खाल्लेल्या जेवणांच्या नावाने धरायचं, असं मास्तरांनी जाहीर केलं, आणि त्या पाकिटातून मनगटाचा चांगला पट्टा आला.

सोमवारी ती नाव काढून आली. दुपारपर्यंत ती जागा कुणीतरी घेतलीसुद्धा.

मग तो सातवा रविवार उजाडला. कागदावर मास्तरांनी लिहिलं होतं: आठ वाजता नाश्ता, एक वाजता जेवण, तिघं. आठ वाजता ती झोपलेली होती. नऊलाही. लेक दोनदा दार ढकलून बघून आली आणि दोन्ही वेळा नुसती मान हलवली. बाप-लेकीने आवाज न करता खाल्लं, चमचाही वाजू दिला नाही. मास्तर खिडकीत बसून राहिले. तीन वर्षांत या घरात इतकी शांतता त्यांनी ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत कुणाकुणाचा हात होता ते ते एकेक करून आठवत होते. त्यात तीन मजले धापा टाकत चढून आलेली एक बाई होती आणि बसमध्ये कोबीचा वास सोसलेली एक पोरगीही.

ती साडेअकराला उठून आली. केस विस्कटलेले, पट्टा बांधलेला हात पोटाशी. नाश्ता विचारलाच नाही, सरळ जेवायला बसली. डाळ-भात, बटाटे. पहिलं ताट संपवलं.

"अजून आहे?"

मास्तरांनी भांड्यात पाहिलं. जे होतं ते सोमवारच्या डब्यांचं होतं, मापून ठेवलेलं. त्यांनी ते सगळं तिच्या ताटात वाढलं. ती मान खाली घालून, घाई न करता, शेवटच्या शितापर्यंत जेवली.

लेक भिंतीपाशी गेली आणि बोटाने सोमवारचा चौकोन पुसला.

"मग उद्या काय?" तिने विचारलं.

"तुम्हा दोघींना पाव-अंडी," मास्तर म्हणाले. "मी उद्या मावशींकडे जेवेन. पोती उचलायला जायचंच आहे, आणि हे सगळं त्यांना सांगायचं राहिलंय."